लोटू महाजन कितवा

१. सुकलाल चौधरी
२. लोटू महाजन

ही पहिली यादी. सोमवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत, नववीच्या भूमितीच्या वह्यांवर कागद ठेवून केली आणि घंटा व्हायच्या आत खोडली.

खाली तीन, चार, पाच अशी आणखी तीन नावं आहेत. त्यांच्याबद्दल कुणाचं भांडण नाही, म्हणून ती पुन्हापुन्हा लिहीत नाही.

आमच्या बऱ्हाणपूरच्या बॉक्सिंग क्लबला पन्नास वर्षं होतायत. नव्या हॉलच्या भिंतीवर पाट्या रंगवायच्या आहेत. प्रत्येक वजनगटाची एक, आजवरचे पाच उत्तम, क्रमाने. क्लबचं लिहायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. बाकी सगळ्या पाट्या झाल्या, हेवीवेटची राहिली. पेंटर रविवारी सकाळी येणार.

सुकलाल चौधरी माझे सासरे. लोटू महाजन माझे वडील.

अध्यक्ष प्रशांत सर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच ठरवा. दोन्हीकडून तुम्ही घरच्याच." आणि माझ्याकडे न बघता खिशात चाव्या शोधायला लागले.

१. लोटू महाजन
२. सुकलाल चौधरी

मंगळवार. आता आकडे घेऊन बसले, कारण मी गणित शिकवते आणि आकड्यांना सासर-माहेर नसतं असं मला तेव्हा वाटत होतं.

सासरे, म्हणजे नाना. सगळं गाव त्यांना नानाच म्हणतं. हेवीवेटमध्ये सव्वीस लढती, एकोणीस जिंकल्या. दोनदा राज्य विजेते, १९८६ आणि १९८८.

वडील, म्हणजे अप्पा. हेवीवेटमध्ये लढती तीन. तिन्ही जिंकल्या, तिन्ही एकाच आठवड्यात, १९८८च्या मे महिन्यात, निमाड विभागाच्या निवड स्पर्धेत. शेवटची लढत नानांशी, गुणांवर जिंकली. त्याआधी अप्पा एक गट खाली खेळायचे. त्यानंतर कुठेच खेळले नाहीत. विजेता म्हणून राज्य स्पर्धेला तेच जायचे, पण ऐन वेळी त्यांना ताप आला. म्हणून हरलेले नाना गेले आणि विजेतेपद घेऊन आले.

तर मोठा कोण? वर्षानुवर्षं जिंकत राहिला तो, की त्याला एकदाच भेटला आणि हरवून घरी गेला तो?

"देख रंजिता, सीधी बात आहे," माझा नवरा धर्मेंद्र म्हणाला. "तीन मॅच खेळलेला माणूस लेजंड नसतो. ट्रेलर असतो. पिक्चर कुठे आहे?"

"तुझे बाबा आहेत म्हणून बोलतोस."

"माझे बाबा तर खुद बोलतात, लोटू पहिला!"

ते मात्र खरं. त्याच दिवशी जेवताना नानांनी ताटाशेजारी मूठ आपटली. वरणाची वाटी हलली. "लोटू पहिला. विषय खतम. मले त्या साली कोणी मारलं? लोटूनं. मग? मारणारा खाली आणि मार खाणारा वर, असं कोणत्या शाळेत शिकवतेस तू?"

मी माहेरी, दापोऱ्याला फोन लावला.

"अप्पा, हेवीवेटची यादी करतेय."

"नाना पहिले लिही."

"जिंकला तुम्ही होतात ना?"

"मुलीकडचा आहे मी. व्याह्यांच्या वर माझं नाव भिंतीवर? लोक काय म्हणतील? जेवली का तू?"

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत अप्पांनी नानांच्या आधी घास घेतलेला मी पाहिला नाही. चहा आला की कप आधी व्याह्यांकडे सरकवतात. नाना तो परत सरकवतात. चहा गार होतो. दोघं पाहुणचारात एकमेकांना हरवायला बघतात असं घरात सगळे हसून म्हणतात. मला वाटलं हेही तेच. पहिला नंबर म्हणजे आणखी एक कप.

१. सुकलाल चौधरी ............ अनुभव १०, विजय ७, आमनेसामने ०
१. लोटू महाजन ............ अनुभव १, विजय १०, आमनेसामने

बुधवार. अर्धा तक्ता झाल्यावर माझ्या लक्षात आलं की कोणत्या रकान्याला किती गुण हे मीच ठरवतेय, आणि ठरवताना उत्तर आधीच डोळ्यांसमोर आहे. वर्गात पोरांनी असं केलं तर मी शून्य देते. तक्ता फाडला.

१. सुकलाल चौधरी
२.

गुरुवारी शाळा सुटल्यावर स्कूटी काढून दापोऱ्याला गेले. अप्पा अंगणात पाइपचा जोड बसवत होते. आई, म्हणजे कोकिळाबाई, दारात बसून शेंगा फोडत होती.

"अप्पा, मी तुम्हाला दोन नंबरला टाकतेय. चालेल?"

"नको."

"मग एक नंबर?"

"दोन पण नको. यादीतूनच काढ मले." जोडाकडेच बघत म्हणाले. "मी हेवीवेट नव्हतो, रंजिता."

आईने शेंगांचं सूप खाली ठेवलं. तिलाही हे नवीन होतं.

मग त्यांनी सांगितलं. क्लबला प्रत्येक गटात दोनच नावं पाठवता यायची, आणि त्या वर्षी खालच्या गटातल्या दोन्ही जागा दुसऱ्यांना गेल्या होत्या. कोच म्हणाले, लोटू, तू हेवीत उभा राहा. हेवीत बसायला एक्याऐंशी किलोंच्या वर वजन लागायचं, एक्याण्णवपर्यंत. क्लबचा काटा नादुरुस्त म्हणून वजनं केळीच्या एका वखारीत करायची ठरली. अप्पा काट्यावर चढले. एकोणऐंशी.

"कोच बोलले, एक तास आहे, काय करायचं ते कर. वखारीत दुसरं काय मिळणार? तेवीस केळी खाल्ली. वरून पाणी, तांब्यामागून तांब्या. परत चढलो, साडेएक्याऐंशी. हातपण हलवत नव्हतो, सगळं बाहेर आलं असतं."

"पण खाऊन वजन भरणं नियमात आहे, अप्पा. सगळे करतात."

"नियम मले माहीत आहे. पण मी हेवीवेट कुठे होतो? एकोणऐंशी किलोंचा माणूस आणि वरती केळी."

"आणि ताप?"

ते जोड घट्ट करायला लागले. उत्तर आईने दिलं. "सासूबाई सांगायच्या. भर मे महिन्यात दोन गोधड्या घेऊन झोपला होता म्हणे. कपाळ गार आणि म्हणे ताप."

"तिथं राज्याला रोज सकाळी वजन करतात," अप्पा म्हणाले. "शंभर लोकांसमोर. एकोणऐंशी आलं असतं तर? क्लबचं नाव गेलं असतं. सगळे बोलले असते, हा कोण चोर आणला निमाडवाल्यांनी."

माझ्या वडिलांची पाच हजार झाडं आहेत केळीची. त्यांना केळं खाताना मी कधी पाहिलेलं नाही. लहानपणी मला वाटायचं, जो पिकवतो त्याला कंटाळा येत असेल.

निघताना आईने स्कूटीच्या हँडलला शेंगांची पिशवी अडकवली आणि हळूच म्हणाली, "काढू नको त्याले यादीतून. बोलतो तो तसं."

१.
२. लोटू महाजन?

शुक्रवार. क्लबच्या कपाटातून १९८८चं रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पान शाबूत होतं. *लोटू महाजन, साडेएक्याऐंशी. सुकलाल चौधरी, साडेनव्वद. वजन वखारीवर. तोलणार गिरधर.*

गिरधरकाका बहादरपूरला असतात. ऐंशीच्या आसपासचे, ऐकायला कमी येतं, पण काट्यांबद्दल विचारलं की सगळं ऐकू येतं. मला एवढंच हवं होतं की कुणीतरी म्हणावं, केळी खाल्ली तर काय झालं, काट्याने जे दाखवलं ते खरं.

"कोणता काटा?" काकांनी विचारलं. "आतला का बाहेरचा?"

"रजिस्टरमध्ये तसं लिहिलेलं नाही."

"बाहेरचाच असेल. आतल्यावर माणूस उभा राहू शकत नाही." त्यांनी पान थुंकलं. "मग तीन किलो धर वरती."

"कशाचे?"

"दांड्याचे गं पोरी! शेतकऱ्याची लेक ना तू?"

घड तोलताना मधल्या दांड्याचं वजन कापतात, हे मला ठाऊक होतं. दांडा कुणी खात नाही. सगळ्या वखारींत ते कागदावर कापतात, तोललेलं वजन वर, कटती खाली. पण त्यांच्या मालकाला भराभर वजाबाकी जमायची नाही. गाड्या खोळंबायच्या. म्हणून गिरधरकाकांनी काटाच तसा लावून ठेवला होता. काट्यावर काही नसलं की दांडी शून्याच्या तीन किलो खाली. दर खेपेला ठरलेले तेवढेच घड ठेवायचे, म्हणजे जे दिसेल ते दांडा कापूनच दिसेल. येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला ते सांगायचे, लपवाछपवी काही नव्हती.

"म्हणजे माणूस चढला तरी..."

"माणूसपण तीन किलो कमी. काट्याले काय समजतं, घड कोण आणि लोटू कोण?"

"मग काका, त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही?"

"मले कोणी विचारलं? कोच म्हणे, काटा वाच. मी वाचला." थोडं थांबून म्हणाले, "मले वाटलं माहीत असेल सगळ्याले. तुझ्या सासऱ्याले तर माहीतच होतं. तो तेव्हा आमच्याकडेच घड वाहायचा. वजन वखारीत करू, हे तोच तर बोलला होता."

बहादरपूरच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे चालले होते. स्कूटी बाजूला घेतली.

एकोणऐंशी अधिक तीन. ब्याऐंशी.

उपाशीपोटी ब्याऐंशी. एकही केळं न खाता माझे वडील हेवीवेट होते. दापोऱ्यात तेव्हा ते कापूस करायचे, केळी नंतर आली. त्या वखारीत त्यांनी कधी माल घातला नव्हता. कटती कागदावर होते एवढंच त्यांनी इतरांकडून ऐकलेलं.

मला तिथेच फोन लावावासा वाटला. नंबर काढला, आणि मग दुसरी बेरीज झाली.

साडेनव्वद अधिक तीन. साडेत्र्याण्णव. हेवीवेटची हद्द एक्याण्णव.

फोन परत पर्समध्ये ठेवला.

१.
२.

शनिवार सकाळ. काय काय आहे माझ्याकडे?

नानांना त्या लढतीत उतरायचाच हक्क नव्हता. लोकांना ते आजही सांगतात, मी आयुष्यात वजन चुकवलं नाही.

लढतच नियमाबाहेरची. म्हणजे अप्पांची सगळ्यात मोठी जीत कागदावरून जाते. आणि त्याच हिशेबाने ते खरे हेवीवेट ठरतात. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने द्यायचं.

पण मला अडवत होतं ते वेगळंच. मी अप्पांना सांगितलं की तुम्ही ब्याऐंशी होतात, तर त्याच वाक्यात हेही सांगावं लागेल की त्या गोधड्या, तो ताप, ते न जाणं, सगळं फुकट होतं. राज्याच्या काट्यावर कुणी तुम्हाला चोर म्हटलं नसतं. सदतीस वर्षं माणूस एका गोष्टीशी जुळवून घेऊन बसलाय. तिथे जाऊन काय सांगायचं, बेरीज चुकली?

न सांगता अप्पांचं नाव वर लिहिलं तर रविवारी ते भिंतीकडे मान वर करून बघणार नाहीत. खाली लिहिलं तर बरोबरच आहे म्हणतील. ते मला सहन होणार नव्हतं.

(यादी नाही)

संध्याकाळी अप्पा आणि आई रविवारच्या कार्यक्रमासाठी आले. अप्पांनी येताना मावा जिलेबी आणली होती. अंगणात नाना खाटेवर, अप्पा खुर्चीत, आई आणि धर्मेंद्र पायरीवर. शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट चालू होता, त्यामुळे सगळेच जरा मोठ्याने बोलत होते.

"मग मास्तरीणबाई," नाना म्हणाले, "लोटू पहिला ना?"

"व्याही, कायले उगाच," अप्पा म्हणाले आणि जिलेबीची बशी त्यांच्याकडे सरकवली.

मी उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी. "मी काल गिरधरकाकांना भेटून आले."

नानांचा हात बशीवर होता, तो तिथेच राहिला.

मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट. अप्पांकडे बघत सांगितलं, नानांकडे बघायचं मला धाडस झालं नाही. मध्ये धर्मेंद्र एकदाच म्हणाला, "अरे यार."

"ठाऊक होतं मले," नाना म्हणाले.

लूम चालूच होता. त्यांनी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. "मले ठाऊक होतं! आदल्या वर्षी लग्न झालं, हिच्या सासूच्या हातचं खाऊन मी त्र्याण्णवच्या वर गेलो. कोचनं काढून टाकलं असतं. म्हणून बोललो, वखारीत चला. माझे तीन लपले. आणि एवढं करून ह्यानं मले मारलं! बारा किलो कमी असलेल्या माणसानं! तवापासून म्हणू राहिलो, लोटू पहिला. मग दोन आठवडे मेमध्ये ताप्तीच्या काठानं दोन-दोन स्वेटर घालून पळालो, वजन उतरवलं, राज्याला गेलो." ते अप्पांकडे वळले. "पण तुझे तीनपण त्यात गेले, हे मनात नाही आलं रे. आईशप्पथ. मले वाटलं, तुले खरंच ताप आहे. मी तुझ्यासाठी मोसंबी घेऊन आलो होतो."

"आले होते," अप्पा म्हणाले. "मी गोधडीत होतो."

अप्पा बोटांनी खुर्चीच्या हातावर काहीतरी मोजत होते.

"म्हणजे मी ब्याऐंशी."

"हो, अप्पा."

"केळी धरून?"

"केळी सोडून."

"आणि हे?"

"साडेत्र्याण्णव."

त्यांनी नानांकडे पाहिलं. व्यापारी घडाकडे पाहतो तसं, वरून खाली. मग मला ज्याची भीती होती तिथे ते पोचले.

"म्हणजे मी गेलो असतो राज्याला."

आईने पदर तोंडाला लावला.

"व्याही," अप्पांनी विचारलं, "जिंकलो असतो का?"

नानांना सहज हो म्हणता आलं असतं. बारा वर्षं दोघं एकमेकांना हो म्हणण्यातच घालवतायत. ते म्हणाले नाहीत. विचारात पडले. गाल चोळला.

"फायनलला एक जबलपूरचा होता. डावरा. उंच. डावा हात असा यायचा की दिसायचा नाही. मले दोनदा बसवलं त्यानं. कसाबसा निघालो."

"कसा उभा राहायचा?"

"असा." नाना खाटेवरून उतरले. चप्पल काढली. उजवा पाय पुढे, उजवी मूठ पुढे, डावी हनुवटीखाली. गुडघा दुखतो म्हणून जिने चढत नाहीत, पण खांदा कसा आत घेतला ते बघायला हवं होतं. "असा उभा राहायचा आणि उजव्यानं नुसता खेळवायचा. टुक, टुक. तू त्याकडे बघितलं की गेला."

अप्पाही उठले. खुर्ची मागे सरकली. "मी नसतो बघितला उजव्याकडे."

"सगळे बघायचे."

"मी पायाकडे बघायचो. तुमच्यापण पायाकडेच बघत होतो तवा."

"म्हणून मान खाली होती होय रे तुझी? मले वाटलं घाबरला!"

"टाका ना डावा. बघू."

"बाबा, बीपी आहे तुम्हाला," धर्मेंद्र म्हणाला. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

माझे सासरे जबलपूरचे झाले आणि माझे वडील १९८८च्या अंतिम फेरीत उतरले. अंगणात, तुळशीला वळसा घालून. नानांनी उजव्याने दोनदा खेळवलं. अप्पांची नजर त्यांच्या पायांवर होती. मग नानांच्या डाव्या पायाची टाच किंचित उचलली गेली, आणि अप्पा बाहेरच्या बाजूला सरकले. एवढंसंच, अर्धं पाऊल. नानांची डावी मूठ हवेतून गेली. अप्पांची उजवी नानांच्या जबड्याशी येऊन थांबली, बोटभर अंतरावर.

दोघांना धाप लागली होती.

"लागला असता?" अप्पांनी विचारलं.

नाना ती मूठ जबड्याजवळ तशीच राहू देऊन विचार करत होते.

"लागला असता," ते म्हणाले. "बसला असता तो."

अप्पांनी हात खाली घेतला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, मग त्यांनी तो सदऱ्याला पुसला. दुसऱ्या हाताने डोळे पुसले. मग माझ्याकडे वळले, व्याह्यांकडे अजिबात न बघता.

"रंजिता, लिही. मले पहिला लिही."

"ए, ए, थांब!" नाना ओरडले. "असा कसा पहिला? मी दोनदा राज्य जिंकलो! एकोणीस लढती जिंकलोय मी, एकोणीस! तीन लढतींवर पहिला होतो का कोणी?"

"नाना, तुम्हीच म्हणत होतात," मी म्हणाले, "लोटू पहिला, विषय खतम."

"मी म्हणत होतो! त्यानं थोडंच म्हणायचं!"

"बोललो आता," अप्पा म्हणाले.

मी वाट पाहिली. मला माझे वडील माहीत आहेत. आता ते हसतील, नको गं, व्याह्यांना लिही, म्हणतील. आईही त्यांच्याकडे बघत होती. ते तसेच उभे राहिले, धापा टाकत, छाती काढून.

१. लोटू महाजन
२. सुकलाल चौधरी

हे पेनने लिहिलं. कुणी कारण विचारलं तर माझ्याकडे आहे. एका माणसाने बारा किलोंनी जड असलेल्या राज्य विजेत्याला तीन फेऱ्यांत हरवलं, तेही मनावर तेवीस केळ्यांचं ओझं घेऊन. लढत नियमाबाहेरची होती ती नानांकडून, अप्पांकडून नाही. एकोणीस विजय मोठे आहेत, पण त्या एकोणिसांतल्या कुणाहीसमोर मी अप्पांना उभं करून पाहिलं आणि मला ते हरताना दिसले नाहीत. मी मुलगी आहे, त्यामुळे दिसले नसतील. तेही कारणांत धरा.

नानांनी रजिस्टर मागवून घेतलं आणि त्या जुन्या पानावर, स्वतःच्या वजनासमोर, स्वतःच्या हाताने साडेत्र्याण्णव लिहून सही केली. मग रात्रीच्या जेवणाला बसेपर्यंत अप्पांशी बोलले नाहीत. जेवताना मात्र भांडण पुन्हा सुरू झालं, दुसऱ्या फेरीत कुणाचे गुण जास्त होते यावरून.

रविवारी सकाळी पेंटरने खडूने रेघा आखल्या आणि वरच्या ओळीत 'लो' काढला. नाना मागे हात बांधून उभे होते.

"पहिलं नाव मोठं काढू नको," ते पेंटरला म्हणाले. "सगळी सारखी अक्षरं पाहिजेत."

"सारखीच आहेत, नाना."

"मले मोठं दिसू राहिलं."

अप्पा शिडी धरून उभे होते. धरायची काही गरज नव्हती, शिडी भिंतीला नीट टेकलेली होती. 'टू' पुरा होईपर्यंत त्यांनी मान खाली घेतली नाही.